ओढ्याच्या गाळातले जड धातू: लॅबच्या 'हेवी मेटल पॅकेज'ला पाचपैकी तीन

आधी गुण सांगून टाकतो. यंत्राला साडेचार, नमुना तयार करण्याला दोन, आणि रिपोर्टाच्या तळाशी जो शेरा छापून येतो त्याला शून्य. गोळाबेरीज पाचपैकी तीन, तेही ऑर्डर देताना चार गोष्टी अडून मागितल्या तर.

परीक्षण आहे ते पुणे, मुंबई, ठाणे, गोवा इथल्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी लॅब 'हेवी मेटल्स इन सॉइल अँड सेडिमेंट' या नावाखाली विकतात त्या पॅकेजचं. गाळाची पिशवी द्यायची आणि आठ-दहा धातूंचे आकडे मिग्रॅ/किलोमध्ये घ्यायचे, असा हा मामला. पॅकेज मुळात बेतलेलं आहे कारखान्याच्या आवारातली माती आणि सांडपाण्याचा स्लज यांच्यासाठी. हल्ली निसर्गगट, कॉलेजचे विद्यार्थी, ग्रामसभा, खाणीविरुद्ध दाद मागणारे लोक असे सगळेच त्यात जंगलातल्या ओढ्याचा, कोकणात म्हणायचं तर व्हाळाचा, गाळ पाठवू लागलेत. एकाच लॅबचं नाव घेऊन भलंबुरं लिहिण्यात अर्थ नाही, कारण सगळीकडे साचा जवळपास तोच आहे.

पाणी सोडून गाळच का तपासायचा, हे थोडक्यात. उदासीन पीएचच्या वाहत्या पाण्यात विरघळलेले धातू लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकेच सापडतात आणि एका पावसाच्या सरीनंतर तो आकडाही बदलतो. धातू खरे चिकटून बसतात ते चिकणमातीच्या कणांना, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडच्या पातळ थरांना आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला. ओढ्याने महिनोन् महिने काय वाहून आणलं ते गाळ सांगतो. म्हणून गाळ पाठवण्याचा निर्णय योग्यच असतो. गाडी घसरते ती पुढे.

डायजेशन: रिपोर्टातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात बारीक अक्षरातली ओळ

कोटेशनमध्ये बहुधा 'यूएसईपीए ३०५०बी / ६०१०' असं लिहिलेलं असतं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या ठरलेल्या पद्धतींचे क्रमांक. पहिला आकडा गाळ ॲसिडात विरघळवण्याच्या, म्हणजे डायजेशनच्या, पद्धतीचा, दुसरा मोजणीच्या यंत्राचा. लोक विचारतात ते यंत्राबद्दल, आयसीपी-ओईएस (धातूच्या प्रकाशावरून मोजणारं) आहे की आयसीपी-एमएस (वस्तुमानावरून मोजणारं, जास्त संवेदनशील). खरं म्हणजे पहिल्या आकड्याबद्दल विचारायला हवं.

३०५०बी मध्ये १ ग्रॅम कोरडा गाळ घेऊन तो साधारण ९५ अंशांवर नायट्रिक ॲसिड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, मग हायड्रोक्लोरिक अशा क्रमाने तापवतात आणि शेवटी १०० मिली करतात. ३०५१ए ही त्याचीच मायक्रोवेव्ह बहीण: अर्ध्या ग्रॅमपर्यंत गाळ, ९ मिली नायट्रिक आणि ३ मिली हायड्रोक्लोरिक, साडेपाच मिनिटांत १७५ अंश आणि तिथे साडेचार मिनिटं मुक्काम. बंद भांड्यात होत असल्याने उडून जाणारे धातू कमी हरवतात आणि एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात जाण्याची भीती कमी. दोन्हींत निवड असेल तर ३०५१ए घ्या.

पण दोन्हींपैकी कुठलीच पद्धत गाळ पूर्ण विरघळवत नाही. सिलिकेट खनिजांच्या जाळ्यात अडकलेला धातू तसाच नळीच्या तळाशी राहतो. त्यात लॅबची लबाडी नाही, पद्धतीच्या मजकुरातच ते स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रदूषण शोधायचं असेल तर हे चालतंही, कारण बाहेरून आलेला धातू बहुतांशी कणांच्या पृष्ठभागावर असतो. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम यांच्यासाठी हे पॅकेज त्यामुळे भरवशाचं आहे.

क्रोमियमला मात्र नाही. क्रोमाइट हे खनिज ॲक्वा रेजियाला, म्हणजे नायट्रिक-हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणाला, दाद देत नाही. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जाणवली-वागदे पट्ट्यात क्रोमाइटचे साठे आहेत. अशा खडकावरून येणाऱ्या ओढ्याच्या गाळात काळे जड कण असतात आणि त्यातलं बरंचसं क्रोमियम रिपोर्टात उतरतच नाही. एकूण क्रोमियम हवं असेल तर हायड्रोफ्लोरिक ॲसिडसह डायजेशन (३०५२) किंवा त्याहून खात्रीचं म्हणजे अल्कली घालून फ्यूजन मागावं लागतं. हायड्रोफ्लोरिक हाताळायला धोकादायक, म्हणून बऱ्याच लॅब नाही म्हणतात किंवा वेगळे पैसे लावतात. नाही म्हणणारी लॅब वाईट नव्हे. 'करतो' म्हणून ३०५०बीचाच आकडा 'टोटल क्रोमियम' या मथळ्याखाली देणारी लॅब वाईट.

इथेच सहा-संयुजी क्रोमियमची, म्हणजे त्याच्या जास्त विषारी रूपाची, जादा चाचणी गळ्यात मारली जाते. पालापाचोळा कुजत असलेल्या ओढ्याच्या गाळात क्रोमियम बहुतेक करून तीन-संयुजी रूपातच असतं, कारण सेंद्रिय द्रव्य त्याचं क्षपण करतं. वरच्या अंगाला प्लेटिंग किंवा चामड्याचा उद्योग नसेल तर ते पैसे वाचवा.

शेरा: शून्य गुण का

रिपोर्टाच्या शेवटी 'मर्यादेपेक्षा जास्त' असा शेरा येतो. ही मर्यादा कुठली? कधी चक्क पिण्याच्या पाण्याचं प्रमाण, आयएस १०५००, गाळाला लावलेलं असतं. तिथे शिशाची मर्यादा ०.०१ मिग्रॅ/लिटर आहे आणि गाळाचा आकडा आहे मिग्रॅ/किलोमध्ये. ही तुलना नव्हेच. नदी-ओढ्याच्या गाळातल्या धातूंसाठी भारतात असं ठरलेलं प्रमाण नाही, त्यामुळे शेरा लिहिणारा हाताला लागेल ते उचलतो.

जरा जाणकार लॅब उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या गाळासाठी २००० साली मांडलेल्या मर्यादा लावतात. त्यांत दोन पायऱ्या आहेत. टीईसी म्हणजे जिच्याखाली जलचरांना त्रास सहसा दिसत नाही ती पातळी, आणि पीईसी म्हणजे जिच्यावर त्रास बहुधा दिसतोच ती. तांब्यासाठी ३१.६ आणि १४९, निकेलसाठी २२.७ आणि ४८.६, क्रोमियमसाठी ४३.४ आणि १११, जस्तासाठी १२१ आणि ४५९, शिशासाठी ३५.८ आणि १२८, कॅडमियमसाठी ०.९९ आणि ४.९८, सगळे मिग्रॅ/किलो.

आता कोयना, चांदोली, राधानगरी हा सगळा मुलूख दख्खनच्या बेसॉल्टचा. या खडकातच तांबं साधारण १०० ते २५० मिग्रॅ/किलो असतं, निकेल आणि क्रोमियमही लाव्हाच्या अनेक थरांत पन्नाशीच्या पुढे. म्हणजे जिथे गाडी नाही, कारखाना नाही, शेतसुद्धा नाही, अशा ओढ्याचा गाळही तांब्याच्या बाबतीत टीईसी सहज ओलांडतो आणि पीईसीलाही जाऊन भिडतो. शेरा येतो 'अत्यंत प्रदूषित'. ती बातमी होते, गावात घबराट पसरते, आणि वर्षभराने एखादा भूगर्भशास्त्रज्ञ खडकाचं विश्लेषण पुढे ठेवतो तेव्हा तक्रार करणाऱ्यांचंच हसं होतं. पुढे खरंच कुणी काही ओढ्यात सोडलं तरी त्यांचं ऐकून घेणारं कुणी उरत नाही.

हाच घोळ निर्देशांकांतही होतो. भूसंचय निर्देशांक, म्हणजे आयजिओ, असा काढतात: नमुन्यातला आकडा भागिले पार्श्वभूमीच्या, म्हणजे नैसर्गिक पातळीच्या, आकड्याची दीडपट, आणि त्याचा २ पायाचा लॉग. पार्श्वभूमी म्हणून पाठ्यपुस्तकातला सरासरी शेल (गाळापासून बनलेला खडक) घेतला तर तांबं ४५. समजा, ओढ्यात १४० सापडलं. १४० भागिले ६७.५ म्हणजे २.०७, त्याचा लॉग १.०५, वर्ग 'मध्यम प्रदूषित'. तोच गाळ, पण पार्श्वभूमी म्हणून त्याच खडकावरच्या वरच्या ओढ्याचा आकडा, समजा १३०, घेतला तर १४० भागिले १९५, उत्तर उणे ०.४८, म्हणजे प्रदूषण नाही. गाळ एकच, आणि निकाल बदलतो तो भाजक बदलला म्हणून. तेव्हा लॅबला कळवा की शेरा नको, फक्त आकडे द्या. शेरा काढून टाकायला बहुतेक लॅब आढेवेढे घेत नाहीत.

गोव्याचं गणित वेगळं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या खाणपट्ट्यात खडक लोहयुक्त पट्टेदार, फिलाइट आणि मँगनीजयुक्त चिकणमाती. खनिज काढताना टाकाऊ मातीचे डोंगर उभे राहतात आणि पावसात ती माती ओढ्यात उतरते. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, नंतर मर्यादेसह सुरू झालं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. तरी ढिगारे जागेवर होते, त्यामुळे 'खाण बंद, तरी गाळात मँगनीज कसं?' या प्रश्नात नवल काही नाही. पॅकेजची अडचण इथे अशी की कणांच्या आकाराचा फरक काढून टाकायला लॅब किंवा विद्यार्थी लोहाने भागाकार करतात आणि समृद्धी गुणांक, म्हणजे धातू पार्श्वभूमीच्या किती पट आहे तो आकडा, काढतात. लोहखाणीच्या गाळाला लोहाने भागायचं म्हणजे आरोपीलाच पंच नेमायचं. खाणीची माती जितकी जास्त, तितका भाजक मोठा आणि तितका गुणांक लहान. ॲल्युमिनियम किंवा स्कँडियम घ्या. पण ॲल्युमिनियम घ्यायचं तर पुन्हा पूर्ण डायजेशन लागणार, कारण ॲक्वा रेजियात ते अर्धवटच येतं आणि किती येतं ते नमुन्यागणिक बदलतं. हे जमत नसेल तर भागाकाराच्या भानगडीत न पडता सगळे नमुने एकाच आकाराच्या चाळणीतून काढून सरळ आकडे शेजारी ठेवा. तुलनेला शेजारच्याच खोऱ्यातला, त्याच खडकावरचा, खाण नसलेला व्हाळ घ्या. आंबोलीच्या जांभ्यावरचा ओढा नेत्रावळीच्या ओढ्याची पार्श्वभूमी होऊ शकत नाही.

नमुना घेण्याची सेवा: ती घेऊ नका

पॅकेजसोबत 'साइट सॅम्पलिंग'ची जादा सेवा मिळते. येणारा माणूस बहुधा मातीचे आणि सांडपाण्याचे नमुने घेण्यात तयार असतो. ओढ्यात तो काठावरची माती खरवडतो किंवा मधल्या धारेतली वाळू उचलतो. दोन्ही निरुपयोगी. काठ हा ओढ्याचा गाळ नव्हे, आणि वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि खडकाचे तुकडे असतात, धातू धरून ठेवणारे बारीक कण धुपून गेलेले असतात.

जागा निवडायची ती पाणी मंदावतं तिथली: डोहाचा खालचा काठ, मोठ्या दगडाच्या आडोशाची बाजू, आतल्या वळणाचा कोपरा. वरचे २ ते ५ सेंमीच घ्यायचे. ५० मीटरच्या टप्प्यात अशा ८-१० जागांवरून थोडं थोडं घेऊन एकत्र करायचं. खालून वर चालत जायचं, नाहीतर आपणच ढवळलेला गाळ पुढच्या जागी पोचतो. नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ चांगला. पूर ओसरलेला असतो, बारीक गाळ बसलेला असतो आणि ओढ्याला पाणी असतं. मे महिन्यात सुकलेल्या डोहात सेंद्रिय द्रव्य साठून आकडे वर जातात, आणि जुलैत घेतलेला नमुना पुढच्या पुरासोबत खोटा ठरतो. दोन हंगामांची तुलना करायची असेल तर दोन्ही वर्षी महिना तोच ठेवा.

अवजारांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बाजारातलं पत्र्याचं घमेलं गॅल्वनाइज्ड असतं, म्हणजे त्यावर जस्ताचा थर. ओला, वाळू असलेला गाळ त्यात ढवळला की जस्त वाढलंच. पितळी चाळणीतून तांबं आणि जस्त, स्टीलच्या मिक्सरच्या भांड्यातून क्रोमियम आणि निकेल, आणि लॅबमधल्या टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीतून कोबाल्ट येतं. साधं पांढरं प्लास्टिकचं टब, प्लास्टिकचं खुरपं आणि नायलॉनची जाळी एवढं पुरतं. रंगीत प्लास्टिक टाळा, काही रंगद्रव्यांत कॅडमियम किंवा शिसं असतं. दळायला ॲगेटचा खल.

चाळणीचं काम ओढ्यावरच उरकलेलं बरं. आधी २ मिमीच्या जाळीतून पानं, काड्या, खडे बाजूला. मग ६३ मायक्रॉनची नायलॉन जाळी टबावर ताणून बांधायची आणि त्याच ओढ्याचं थोडं थोडं पाणी घालत बोटांनी हलकेच गाळ फिरवायचा. खाली चहासारखं गढूळ पाणी उतरतं. माल तोच आहे. ते झाकून २४ तास स्थिर ठेवलं की तळाशी मऊ, साबणासारखा बुळबुळीत थर बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी नळीने काढून टाकता येतं. घाईत गढूळ असतानाच पाणी ओतून दिलं तर सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत जास्त धातू धरणारे कण त्यासोबत गेले. समजा, डोंगरातल्या ओढ्यात या आकाराचा अंश ३ टक्के आहे. मग एक किलो गाळातून जेमतेम ३० ग्रॅम हाती येतो. डायजेशन, त्याची दुसरी प्रत, ओलावा आणि पुढे वाद झाला तर राखीव इतक्या सगळ्याला २० ते ३० ग्रॅम लागतातच. तेव्हा ओला गाळ दीड-दोन किलो घ्या.

वाळवणं ४० अंशांखाली. लॅबची सवय १०५ अंशांच्या ओव्हनची असते. ती ओलावा मोजायला ठीक, पण त्या तापमानाला पाऱ्याचा काही भाग उडून जातो. ओलाव्यासाठी वेगळा तुकडा १०५ वर ठेवायचा आणि आकडे कोरड्या वजनावर मागायचे. 'कोरड्या वजनावर' हे शब्द रिपोर्टात नसतील तर आकडे ओल्या गाळाचेही असू शकतात, आणि ४० टक्के ओलावा असेल तर ते थेट ४० टक्क्यांनी कमी दिसतील.

आणखी एक: अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात हे काम करायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वन विभागाची लेखी परवानगी आधी लागते. लॅब ती विचारत नाही. सुनावणीत समोरचा वकील मात्र विचारतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

'बीडीएल' (मोजता येण्याच्या पातळीखाली) या तीन अक्षरांवर समाधान मानू नका. किती खाली सापडलं नाही, हा आकडा हवा. हिशेब सोपा आहे. अर्धा ग्रॅम गाळ ५० मिलीत नेला म्हणजे १०० पट विरलं. यंत्राची मोजता येण्याजोगी किमान पातळी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम असेल, तर गाळात ती झाली ०.१ मिग्रॅ/किलो. क्षार जास्त म्हणून आयसीपी-एमएससाठी आणखी दहापट विरलं तर १ मिग्रॅ/किलो, आणि कॅडमियमची टीईसीच ०.९९ आहे. फ्लेम एएएस या कमी संवेदनशील यंत्रावर कॅडमियमची पातळी ०.०२ मिग्रॅ/लिटर धरली तर गाळात २ मिग्रॅ/किलो. अशा रिपोर्टातलं 'कॅडमियम बीडीएल' म्हणजे कॅडमियम नाही असं नव्हे, दिसण्याइतकी नजर नव्हती इतकंच. कॅडमियमसाठी ०.१ आणि पाऱ्यासाठी ०.०५ मिग्रॅ/किलोपर्यंतची क्षमता आधीच लिहून मागा. पारा शीत-बाष्प पद्धतीने किंवा थेट पारा-विश्लेषकावर केलेला हवा.

यंत्राला साडेचार दिले, पूर्ण पाच नाहीत, त्याचं कारण आर्सेनिक. डायजेशनमधलं क्लोराइड आणि यंत्रातला आर्गॉन मिळून ७५ वस्तुमानाचा आयन तयार होतो आणि आर्सेनिकचंही वस्तुमान ७५. आयसीपी-एमएसमधली हेलियमची कोलिजन सेल, म्हणजे असे जोड-आयन गाळणारा कप्पा, चालू असेल तर हा घोळ मिटतो. चालू नसेल तर आर्सेनिक फुगलेलं येतं. एक ओळीचा प्रश्न आहे, विचारून टाका.

गुणवत्तेची पानं मागितल्याशिवाय मिळत नाहीत, मागितली की चांगल्या लॅब देतात. त्यात पाहायचं ते हे. ब्लँकमध्ये, म्हणजे गाळ न घालता केलेल्या चाचणीत, जस्त किती? हातमोज्यांच्या पावडरीपासून छताच्या धुळीपर्यंत सगळीकडून येतं ते जस्तच. एकाच नमुन्याच्या दोन प्रतींतला फरक २० टक्क्यांच्या आत आहे का? मुद्दाम घातलेल्या धातूची (स्पाइकची) रिकव्हरी ७५ ते १२५ टक्के आहे का? आणि प्रमाणित संदर्भ नमुना, म्हणजे आधीच आकडे माहीत असलेला नमुना, लावला होता का? पाण्याचा संदर्भ नमुना लावून गाळाचा रिपोर्ट दिला असेल तर त्याने मोजणी तपासली, डायजेशन तपासलंच नाही. कॅनडाचे एसटीएसडी मालिकेतले नमुने खास ओढ्यांच्या गाळाचे आहेत. आपल्या बेसॉल्टशी जुळतं काही हवं तर अमेरिकी भूसर्वेक्षणाचा बीएचव्हीओ-२ हा हवाईचा बेसॉल्ट: तांबं १२७, निकेल ११९, क्रोमियम २८०, जस्त १०३. त्याचा थोडा भाग स्वतःकडून आंधळा नमुना म्हणून, म्हणजे तो काय आहे हे लॅबला न सांगता, पाठवता आला तर फारच उत्तम. मात्र प्रमाणित आकडे एकूण धातूचे असतात, ॲक्वा रेजियात क्रोमियम कमीच येणार, त्यावरून लॅबला धारेवर धरू नका.

एनएबीएलचं बोधचिन्ह पाहून निश्चिंत होऊ नका. मान्यता लॅबला सरसकट नसते, ती पदार्थ, धातू आणि पद्धत यांच्या जोडीला असते, आणि ही यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तिथे 'पाणी' असेल आणि 'सेडिमेंट' नसेल तर गाळाच्या रिपोर्टावरच्या बोधचिन्हाला अर्थ नाही.

हातातलं एक्सआरएफ: अडीच तारे, पण जोडीला घ्यावं असं

भाड्याने मिळणारी पिस्तुलासारखी एक्सआरएफ यंत्रं (एक्स-रे मारून धातू ओळखणारी) 'मिनिटात निकाल' म्हणून खपवली जातात. मिनिटात आकडा येतो हे खरं. ओल्या गाळावर थेट टेकवलं तर तो आकडा वाया गेलेला असतो. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की चूक वाढत जाते, आणि ओढ्यातला ताजा गाळ त्याच्या कितीतरी पुढे असतो. वाळवून, २५० मायक्रॉनखाली दळून, पातळ पॉलिप्रॉपिलीन फिल्मच्या कपात भरून, ६० ते १२० सेकंद मोजलं तर तांबं, जस्त, शिसं, मँगनीज, लोह ठीक येतात. कॅडमियम आणि पारा विसरा. त्यांची किमान पातळी काही मिग्रॅ/किलोच्या घरात असते आणि आपल्याला हवी ती एकच्या खाली.

शिवाय आपल्या खडकांत या यंत्राला ठरलेले चकवे बसतात. प्रत्येक धातू ठरावीक ऊर्जेच्या एक्स-रेची 'रेषा' सोडतो. लोहाची एक रेषा ७.०६ केईव्हीवर (ऊर्जेचं एकक) आणि कोबाल्टची मुख्य रेषा ६.९३ वर. जांभ्याच्या गाळात लोह इतकं असतं की यंत्र नसलेलं कोबाल्ट दाखवतं. टायटॅनियमची रेषा व्हॅनेडियमवर पडते, आणि आपला बेसॉल्ट टायटॅनियमने श्रीमंत. शिसं आणि आर्सेनिकच्या मुख्य रेषा १०.५५ आणि १०.५४ वर, म्हणजे एकमेकींच्या अंगावरच. शिसं जास्त असेल तिथला आर्सेनिकचा आकडा सोडून द्या.

तरीही हे यंत्र जोडीला घ्यावं, कारण ते एकूण धातू मोजतं. समजा, एक्सआरएफवर क्रोमियम ४०० आलं आणि ॲक्वा रेजियाच्या रिपोर्टात १२०. मग क्रोमियम खनिजात कुलूपबंद आहे, ओढ्यातल्या खेकड्यांपर्यंत ते सहजी पोचणार नाही. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर गोष्ट वेगळी आणि काळजीची. आधी यंत्राने पन्नास जागा चाळायच्या आणि वेगळ्या दिसलेल्या जागांसोबत काही साध्या जागाही लॅबला पाठवायच्या. निदान दर २० मोजणीमागे एक नमुना लॅबकडे जावा. दोन्ही आकड्यांचा सहसंबंध ०.७ च्या खाली आला तर यंत्राचे आकडे चाळणीलाही वापरू नका. यंत्र एक्स-रे सोडतं, त्यामुळे ते एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमांखाली येतं. भाड्याने देणाऱ्याकडे त्याचे कागद मागा, आणि नमुन्याची पिशवी हातात धरून मोजणी करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

फुकटचं आणि चांगलं: भूकोश

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल चार तारे घेऊन जातं. राष्ट्रीय भूरासायनिक नकाशांकनाच्या कार्यक्रमात त्यांनी २ किमी बाय २ किमीच्या चौकोनामागे एक या हिशेबाने ओढ्यांचे गाळ तपासलेत. नोंदणी करून टोपोशीटनुसार आकडे उतरवून घेता येतात. पैसे खर्च करण्याआधी आपल्या खोऱ्यातलं तांबं-निकेल-क्रोमियम साधारण किती, हे इथे कळतं, आणि 'ही तर खडकाचीच देणगी' की 'हे बाहेरून आलंय' याचा पहिला अंदाज येतो. एक तारा कापला तो दोन कारणांनी. पोर्टल संथ आहे, आणि त्यांचा गाळ १२० मेशखालचा, म्हणजे १२५ मायक्रॉनपर्यंतचा. तुमचे ६३ मायक्रॉनचे आकडे त्याहून थोडे वर दिसणं साहजिक आहे. थेट तुलना हवी असेल तर एक-दोन नमुन्यांचा १२५ मायक्रॉनचा भागही वेगळा पाठवा.

ऑर्डर देताना लिहायचं पत्र

तोंडी सांगितलेलं नमुना घेणाऱ्या खिडकीपाशीच विरतं, म्हणून मेलवर हे जसंच्या तसं टाका आणि कोटेशनमध्ये उतरल्याशिवाय नमुने देऊ नका:

'नमुने ६३ मायक्रॉनखाली चाळून ४० अंशांखाली वाळवलेले आहेत. पुन्हा दळू अथवा चाळू नयेत. डायजेशन ३०५१ए, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक. मोजणी आयसीपी-एमएस, आर्सेनिकसाठी हेलियम मोड. पारा वेगळा, शीत-बाष्प पद्धतीने. ॲल्युमिनियम, लोह, मँगनीज यांचे आकडेही द्यावेत. सर्व आकडे कोरड्या वजनावर, प्रत्येक धातूची किमान मोजणी पातळी त्याच युनिटमध्ये. ब्लँक, दुसरी प्रत, स्पाइक आणि गाळाचा संदर्भ नमुना यांचे निकाल जोडावेत. मर्यादेशी तुलना किंवा शेरा नको.'

खर्चाला थोडी जागा असेल तर निवडक नमुन्यांवर १ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये तासभर हलवून केलेली सौम्य चाचणीही मागा. सजीवांपर्यंत पोचू शकेल असा सैल धातू त्यात उतरतो. धातू पायरीपायरीने वेगळा काढणारं बीसीआर निष्कर्षण त्याहून सखोल आहे, पण पॅकेज विकणाऱ्या लॅबना त्याचा सराव नसतो. ते विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेतच करून घ्यावं.

मुदतीकडेही लक्ष हवं. पाऱ्यासाठी नमुना घेतल्यापासून २८ दिवस, बाकी धातूंसाठी सहा महिने. दिवाळीच्या सुट्टीत कुरिअरच्या गोदामात पडून राहिलेली पिशवी पाऱ्यासाठी बाद समजा. आणि उरलेला वाळलेला गाळ परत मागून घ्या. ठरलेली मुदत संपली की लॅब तो टाकून देते, आणि निकालाला आव्हान मिळालं तर दुसऱ्या लॅबकडे पाठवायला तोच लागतो.